वायर हलवून बघा

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहतेय. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राने 2,600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि टिपायची काय, तर प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाहून बारीक हालचाल! छानच.

त्याच हिंगोली जिल्ह्यात परवा एका दाखल्यासाठी दोन तास बसलो. प्रिंटर कॉम्प्युटरला दिसत नव्हता. आम्हा सगळ्यांना दिसत होता. काउंटरवरच्या भाऊंनी तो बंद-चालू केला, केबल काढून पिनेवर फुंकर मारली, मग वरून चापट. चौथ्या चापटीला कागद आला. कोरा. "उद्या या."

लायगोवाल्यांनो, यंत्रं जोडायला इथलीच माणसं घ्या. फक्त चापट मारायची नाही, एवढं आधी सांगून ठेवा.