सरळ वळणाचा माणूस

माझी ३४ वर्षं पाणीपुरवठ्याच्या पाइपांत गेली. पाइप सरळ जातो आणि वळायचं असेल तर एल्बो लावावा लागतो, या एका सत्यावर माझा संसार आणि पेन्शन दोन्ही उभी आहेत. त्यामुळे मोजा म्हणजे लोकरीचा पाइपच की, आणि तो घोट्यापाशी चक्क काटकोनात वळतो, हे निवृत्तीच्या तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं तेव्हा मी पेपर खाली ठेवला.

बायकोच्या हातातला मोजा उलटासुलटा करून विचारलं, "याला जोड कुठे आहे?"

"जोड नाहीच. सलग विणलाय."

"मग वळतो कसा?"

"वळवला की वळतो. विणून बघा. नाहीतरी दिवसभर पंख्याकडेच बघत असता."

आणि बारा नंबरच्या चार सुया माझ्या हातात आल्या. तीन सुयांवर वीस-वीस असे ६० टाके, चौथी सुई विणायला. दोन सुलट, दोन उलट. पहिल्या आठवड्यात तीनदा उसवलं. चौथ्यांदा मात्र घोट्यापर्यंत सरळसोट नळी उतरली. मी ती डोळ्याला लावून गळती तपासली. दोनच ठिकाणी होती.

मग टाच. निम्मे, म्हणजे ३० टाके एका सुईवर घ्यायचे आणि फक्त तेवढेच ये-जा करत ३० ओळी विणायच्या. टाच झिजते, म्हणून सुलट ओळीत एकाआड एक टाका न विणता नुसता उचलायचा. कापड जाड होतं. इथवर सगळं शिस्तीत होतं. मग ती म्हणाली, "आता वळवायची. सतरा सुलट. पुढचे दोन मिळून एक. एक सुलट. वळा."

"अजून दहा टाके राहिलेत."

"राहू देत. वळा."

"काम अर्धवट टाकून?"

"हो."

दहा मीटर चर उघडा ठेवून कंत्राटदार असा परत फिरला असता, तर मी त्याचं बिल अडवलं असतं. तिच्यासमोर वळलो. पण रात्री ते दहा टाके डोळ्यांसमोरून हलेनात! उठलो, दिवा लावला, ओळ पूर्ण केली, पुढच्या चार ओळीही टोकापासून टोकापर्यंत नेल्या आणि समाधानाने झोपलो. सकाळी टाच पाटीसारखी सपाट. वळली होती ती फक्त बायकोची मान.

"उरलेले टाके पळून जात नाहीत हो," ती उसवता उसवता म्हणाली. "त्यांची पाळी येते."

मग मी कामाच्या सवयीने आलेखाचा कागद घेतला. पहिली ओळ दहा टाके अलीकडूनच वळते. दुसरी: एक उचला, पाच उलट, दोन मिळून एक, एक उलट, की वळा. आता दोन्ही बाजूंना दहा-दहा टाके वाट बघतायत. पुढची प्रत्येक ओळ जिथून आपण वळलो त्या फटीपर्यंत जाते, फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र विणते, आणखी एक घेते आणि फिरते. बारा ओळींत बारा टाके कमी, उरतात अठरा. मधल्या टाक्यांवरून बारा खेपा होतात, कडेच्यांच्या वाट्याला एखाददुसरी. म्हणून मधे लांबी वाढते, कडा आखूड राहतात आणि कापड आपोआप वाटीसारखं फुगतं. एल्बोच तो, पण दुकानातून न आणलेला. पुढे दोन्ही कडांवरून पंधरा-पंधरा टाके उचलले की ७८ होतात, आणि एका फेरीआड दोन कमी करत पुन्हा ६०. हा तर शुद्ध रिड्यूसर!

बाराव्या ओळीला ती वाटी माझ्या हाताखाली उमलली, तेव्हा मी ती आधी सोसायटीच्या वॉचमनला दाखवली. त्याने विचारलं, "काका, टोपी का?"

आता विषयाचा अभ्यास आला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले लाल लोकरी मोजे आहेत, इसवी सन २५० ते ४२० च्या दरम्यानचे. एकाच सुईने केलेले, त्यामुळे त्यांची रीत आपल्या विणकामाहून वेगळी. पण टाच व्यवस्थित वळलेली. आणि अंगठ्याला वेगळा कप्पा! कशासाठी? चपलेत घालायला!

थंडीत मोज्यांवर चपला घालून दूध आणायला जातो म्हणून गेली ३४ वर्षं मी या घरात बोलणी खातोय. पूर्ण झालेला मोजा पायात चढवून (एकच, दुसरा विचाराधीन आहे) मी स्वयंपाकघरात गेलो आणि सुरू केलं, "सोळाशे वर्षांची परंपरा आहे ही. मोज्यांवर चपला हा गावंढळपणा नसून..."

तिने कणीक मळता मळता नुसतं वर पाहिलं.

माझे निदान दहा मुद्दे अजून सुईवर होते. राहू दिले. वळलो.

दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "काय हो, मधेच थांबलात? टाका सुटला का?"

"नाही," मी म्हटलं, "बोलण्यावर टाच आली."