प्लॅन? तो तर कधीच बदलला!

काय ही पोरं! घरून निघताना सांगतात बँकॉक, तिथून बाय रोड कंबोडिया, अंगकोर वाट बघायचं आणि दोन आठवड्यांत परत. पाचव्या दिवशी फोन येतो तो लाओसमधून. आई विचारते, "अरे, हे लाओस कुठून आलं मध्येच?" तर म्हणे, "अगं, प्लॅन बदलला." बदलला! म्हणजे तो आपला आपणच बदलला, आणि या गुणी बाळाने कडेला उभं राहून नुसतं बघितलं!

बरं, हे एकट्याचं असतं तर सोडून दिलं असतं. पण पाठीला सॅक लावून या देशातून त्या देशात रस्त्याने जाणाऱ्या यच्चयावत मंडळींना हे खूळ लागलंय. पूर्वी प्लॅन फिसकटला की माणूस तोंड लपवायचा. आता तो फिसकटवल्याशिवाय तोंड दाखवायची सोय नाही. ठरल्याप्रमाणे गेला आणि ठरल्याप्रमाणे आला, अशा माणसाकडे लोक कसे बघतात, पाहिलंय? "अच्छा, सगळं बुकिंगप्रमाणेच झालं का?" त्या 'का'मध्ये केवढी कीव! बिचाऱ्याला वाटतं, निदान एखादी बस तरी चुकवायला हवी होती.

मुळात ही साथ पसरते कुठे? आमचा संशय मेकाँग नदीवर आहे. थायलंडच्या चिआंग खोंगजवळचा पूल ओलांडला की पलीकडे लाओसचं हुआय साय. तिथून लुआंग प्रबांगला लाकडी होडी जाते. दोन दिवस, मध्ये पाकबेंग गावी मुक्काम. बसायला काय, तर जुन्या मोटारींतून उपसून आणलेल्या सीटा, त्याही पुष्कळदा फळ्यांवर नुसत्या मांडलेल्या. त्यात अंग टाकायचं आणि गढूळ पाण्याकडे बघत राहायचं. एवढा रिकामा वेळ मिळाल्यावर माणसाचं डोकं गप्प बसेल होय? शेजारी एक डच पोरगी, पलीकडे लष्करातली सक्तीची नोकरी संपवून आलेले दोन इस्रायली. दुपारी ओळख, संध्याकाळी पाकबेंगला एकत्र जेवण, आणि दुसऱ्या दिवशी होडी धक्क्याला लागते तोवर आपल्या सदाशिव पेठेतल्या कन्येने हनोईचं बुकिंग रद्द करून त्यांच्याबरोबर दक्षिणेला जायचं कबूलही केलेलं! हिलाच ना हो, स्थळं बघताना तीन-तीन वर्षं निर्णय होत नव्हता?

त्यात 2021 च्या डिसेंबरात लाओसमधून ती चीनची रेल्वे धावू लागली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! लुआंग प्रबांगहून व्हिएन्टिएनला जायला डोंगरातून बसने अख्खा दिवस मोडायचा, तिथे आता दोन तास पुरतात. दिवस मोडायचा तेव्हा माणूस दहा वेळा विचार करायचा. आता नाश्त्याला एक बेत, जेवणाला दुसरा. फक्त स्टेशनावर सॅक तपासताना डिओचा फवारा काढून घेतात, त्यामुळे बदललेल्या प्लॅनला पुढे वासही वेगळा येतो म्हणे.

पण पोरांनाच का बोला, जिथे देशच असे वागतात? 2025 च्या जूनमध्ये थायलंडने कंबोडियाच्या हद्दीवरचे नाके बंद केले; जुलैत तर तोफाच धडाडल्या. अरण्यप्रथेत ते पोइपेट, म्हणजे बँकॉकहून अंगकोरला जाणारा राजरस्ता, ठप्प. शहाणा माणूस अशा वेळी काय करेल? विमान पकडेल. आमची मंडळी मात्र हरखली! आता थायलंडच्या उबोनवरून लाओसमध्ये शिरायचं, पाकसेला जायचं, नदीतल्या डॉन डेट बेटावर टेकायचं आणि तिथून कंबोडियात उतरायचं. या द्राविडी प्राणायामाला सरकारी निमित्त मिळालं, आणखी काय हवं? आणि डॉन डेटवर दोन रात्रींसाठी टेकलेला माणूस झोळीतून कधी उठतो, हे त्या झोळीलाच ठाऊक.

खरी खमंग बातमी मात्र बाटलेल्यांची आहे. ज्या काकांनी अष्टविनायकसुद्धा शास्त्रोक्त क्रमाने, मोरगावपासून मोरगावपर्यंत केले, ते निवृत्तीनंतर काकूंना घेऊन व्हिएतनामला गेले. कार्यक्रमाचा कागद लॅमिनेट केलेला! निन्ह बिन्हहून रात्रीच्या स्लीपर बसमध्ये चढताना बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला लावले. काकूंना ते देवळासारखं वाटलं आणि त्या खूश झाल्या. पहाटे ह्यू आलं, तर काका पांघरुणातून म्हणाले, "राहू दे गं, पुढच्या गावी उतरू." काका! लॅमिनेशनवर पेन उमटत नाही म्हणून त्यांनी हनोईत परत जाऊन मार्कर विकत घेतला, असं सोसायटीत बोललं जातं. शेवटचं वाक्य आम्ही वाढवलेलं असू शकतं.

बरं, हे आजचं म्हणावं, तर तेही नाही. सत्तरच्या दशकात इस्तंबूलच्या पुडिंग शॉपमधल्या फळ्यावर चिठ्ठ्या टाचून युरोपातली पोरं पूर्वेकडे जाणारी व्हॅन शोधायची. निघायची काठमांडूच्या नावाने आणि पसरायची आपल्या हणजुण्याच्या वाळूत. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तो रस्ताच मिटला. त्याआधी, 1972 मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं लंडनहून निघालं, ते एका वर्षात परतायच्या बोलीवर. ऑस्ट्रेलियात पोचलं आणि तिथलंच झालं. आणि त्यांनीच पुढे 'लोनली प्लॅनेट' काढून जगाला शिकवलं, प्रवासाची आखणी कशी करावी! याला म्हणतात लोका सांगे ब्रह्मज्ञान. आपले वरसईचे गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि थेट झाशीच्या वेढ्यात सापडले, पण त्यांना निदान 1857 आडवं आलं. यांना काय आडवं येतं? डच पोरगी?

नाकं मुरडताय ना? मुरडा. मग परवा रात्री सगळे झोपल्यावर व्हिएन्टिएन ते हनोई बसला किती वेळ लागतो, हे मोबाईलवर कोण बघत होतं? (वीस ते चोवीस तास. आम्हाला आपलं सहज कळलं.) कुणाच्या ड्रॉवरमध्ये सॅकचा पावसाळी कव्हर लेबलासकट पडलाय? आणि हॉटेल निवडताना 'फुकट रद्द करता येईल' ही खूण आधी कोण लावतं?

तेव्हा जाणार तर तुम्हीही आहातच. जा, आणि वाटेल तिथे वळा. फक्त एक करा. व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, पण कोणत्या नाक्यातून शिरणार ते अर्जातच लिहावं लागतं, आणि 25 डॉलरची फी परत मिळत नाही. तेवढा एक नाका घरीच नक्की करा.