'कुणालाच ठाऊक नसलेल्या' लेण्याच्या शोधकर्त्यांस

मा. संशोधक महोदय,


कल्याणच्या खाडीपलीकडचं 'कुणालाच ठाऊक नसलेलं प्राचीन बौद्ध मंदिर' आपण दीड मिनिटाच्या रीलमध्ये शोधून काढलंत, त्याबद्दल आंबिवली-टिटवाळा परिसरातर्फे आपलं त्रिवार अभिनंदन. आपल्या आधी भिवंडी तालुक्यातलं हे लोनाडचं लेणं फक्त गावकऱ्यांना, पिढ्यान्‌पिढ्या खांडेश्वरी देवीच्या दर्शनाला तिथं जाणाऱ्या भाविकांना आणि १८८२ साली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर लिहिणाऱ्या साहेबांना ठाऊक होतं. ही माणसं हिशेबात धरायची नसतात, हे आम्हाला कळतं. रीलखाली ठिकाण म्हणून 'आंबिवली' टाकलंत, त्याचंही वाईट वाटून घेऊ नका. आंबिवलीचं बौद्ध लेणं खरंच आहे, फक्त ते कर्जत तालुक्यात, कोथळीगडाच्या पायथ्याच्या आंबिवलीत आहे. तिथं तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या आणि भिंतीलगत दगडी बाक आहे. शहाडनंतरच्या आंबिवली स्टेशनवर उतरणाऱ्या आपल्या चाहत्यांना मात्र मोहन्याची रिक्षा आणि बंद पडलेल्या एनआरसी कारखान्याची जागा एवढंच सापडेल.

पण खरी हरकत पत्त्याला नाही, आपल्या निवेदनातल्या एका वाक्याला आहे. भिक्षूंनी जगापासून दूर, एकांतात ही जागा निवडली, असं आपण धीरगंभीर आवाजात सांगता. पुरावा नेमका उलटं सांगतो. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्याण बंदराचा उल्लेख आहे. तिथला माल नाणेघाट चढून जुन्नरला जायचा, आणि त्याच वाटेनं दानही जायचं. कल्याणच्या एका सोनारानं जुन्नरच्या लेण्यात पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, खोदून दिलं आणि एका ओळीत नाव-गाव कोरून ठेवलं. कल्याणच्या दात्यांची नावं कान्हेरीच्या लेण्यांतही आहेत. भिक्षूला रोज भिक्षा लागते, पावसाळ्यात निवारा लागतो, आणि खडक फोडणाऱ्या पाथरवटाला मजुरी लागते. हे सगळं निर्जन रानात कोण पुरवणार? विहार गावाच्या गोंगाटापासून जरा बाजूला, पण तांड्यांच्या वाटेला धरून असायचे. उगाच नाही कान्हेरी सोपारा बंदराच्या आणि कोंडाणे बोरघाटाच्या टापूत! (पांडवांनी एका रात्रीत लेणी खोदल्याचं आपण जाता जाता सांगितलंत. एकाही शिलालेखात पांडवांची पावती सापडलेली नाही.)

यावर कुणी जाणकार म्हणेल, हे सगळं सातवाहन काळाला लागू. लोनाडचं लेणं तर सहाव्या शतकाच्या आसपासचं मानतात, तोवर बंदराची रया गेली असणार. शंका रास्त आहे. पण त्याच सहाव्या शतकात कॉस्मस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी कल्याणची गणना मोठ्या बंदरांत करतो आणि तिथं ख्रिस्ती बिशप असल्याचंही नोंदवतो. म्हणजे लोनाडच्या भिंतीवर आसनस्थ राजा आणि त्याचा परिवार कोरला जात होता, तेव्हा खाडीत परदेशी माल उतरतच होता. लेणं आडबाजूला नव्हतं. व्यापार हलला, वाट मोडली, आणि पुढं आपण सगळ्यांनी मिळून त्याला आडबाजूला टाकलं. तेव्हा 'दडलेलं रत्न' म्हणताना दडवणारे कोण, तेही सांगायला हवं.

उलट बाजूचा मोहही आवरायला हवा. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या आंबालिका विहाराचं नाव येतं. ते वाचून आमच्याकडचा एखादा उत्साही कार्यकर्ता उद्या आंबिवली स्टेशनबाहेर 'प्राचीन आंबालिका नगरी'ची कमान उभारील. नाव कानाला सारखं लागतं, एवढ्यानं जागा सिद्ध होत नाही. त्यासाठी जमिनीतून काहीतरी निघावं लागतं.

आपला बचाव ठरलेला आहे: 'आमच्यामुळे लोक येतात, लोक आले की जतन होतं.' यातलं अर्धं खरं आहे. कान्हेरीला लोक शंभर वर्षांहून अधिक काळ येताहेत. त्यांतल्या किती जणांनी तिथला एक तरी लेख थांबून पाहिला? गर्दीनं डब्यांचे कागद वाढले, वाचक वाढल्याचं दिसत नाही. याउलट १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. मैत्रेयासह बुद्धांच्या छोट्या मूर्ती, सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं नाणं, भिक्षापात्राचे तुकडे निघाले. काय कुठं आणि कसं मिळालं, हे त्यांनी लिहून ठेवलं आणि त्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत पोचल्या. प्रसिद्धी त्यांनाही मिळालीच, नोंदीच्या मागून. आणि 'भाविकांनी लेणं बळकावलं' अशी कुरकूर आपण करता, तिलाही उत्तर आहे. शेंदूर-धुराचा थर दगडाला बाधतो, हे मान्य. पण देवीच्या नावानं का होईना, माणसांची ये-जा राहिली, म्हणून तर आपल्याला तिथवर पायवाट मिळाली.

तेव्हा पुढच्या खेपेस ड्रोन उडवण्याआधी गावात कुणाला तरी विचारा, राजाच्या त्या शिल्पाचा सरळ, स्वच्छ फोटो काढा, तारीख घाला, कुठं झिजलंय आणि कुठं ताजा ओरखडा आहे ते लिहा. असे फोटो दहा वर्षांनी पुरातत्त्वाच्या कामी येतील. आपला गॉगल घातलेला चेहरा त्यात असलाच, तर मोजपट्टी म्हणून वापरता येईल.

कळावे, लोभ आहेच.
आपला,
कसारा लोकलचा एक प्रवासी, आंबिवली