तारखेची तारीख

नव्या वर्षातल्या भव्य चित्रपटांची आम्ही डोळ्यांत तेल घालून वाट पाहत आहोत. म्हणजे चित्रपटांची नव्हे, त्यांच्या तारखांची. आधी शीर्षकाचं अनावरण, मग मोशन पोस्टर, मग टीझर कधी येणार हे सांगणारं दहा सेकंदांचं चलच्चित्र. एवढा सोपस्कार तर आमच्याकडे साखरपुड्यालाही होत नाही.

दादासाहेब फाळके या बाबतीत फारच मागासलेले. त्यांनी आधी ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा केला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लावलासुद्धा! भाग दुसरा राखून ठेवण्याचं साधं भान नाही. याउलट ‘बाहुबली’ पाहा. २०१५ साली कटप्पानं मागून तलवार खुपसली आणि का खुपसली ते देशाला २०१७ मध्ये कळलं. सरकारी कार्यालयाबाहेर इतका संयम आम्ही कुणाला शिकवलेला पाहिला नाही.

आता पुढचं पाऊल टाकावं. चित्रपट काढूच नयेत. फक्त घोषणा करावी, यथावकाश ती पुढे ढकलावी आणि मध्यंतरात पॉपकॉर्न विकावेत. निर्मात्याचा खर्च वाचेल, समीक्षकाची झोप होईल.

परवा चुकून एक तयार मराठी चित्रपट पाहिला. मंगळवार, सकाळी पावणेदहाचा खेळ, प्रेक्षक चार. त्यांतला एक एसीसाठी आलेला. चित्रपट उत्तम होता. शुक्रवारी उतरला. बाहेर त्याच्या पोस्टरच्या जागी आता पुढच्या दिवाळीतल्या नायकाचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा आहे.

सेल्फीसाठी रांग जिन्यापर्यंत होती.