एम्प्रेसबाईंना धरमतरच्या खाडीतून आवतण

श्रीमती एम्प्रेसबाईसाहेब,
मुक्काम : बहुधा समुद्रात.

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, पुढची साथ येईल तेव्हा आपल्याला कुठल्या बंदरात घ्यायचे यावरून मोठ्या गावांची पुन्हा टोलवाटोलवी सुरू होईल. तेव्हा धावपळ नको, म्हणून पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतर्फे आपल्याला आत्ताच आवतण द्यावे असे आम्ही ठरवले आहे. आम्ही म्हणजे मी. रीतसर ठराव झालेला नाही. ठरावाला कोरम लागतो आणि आमची निम्मी माणसे कायम वडखळच्या ट्रॅफिकमध्ये असतात.

आपला आमचा परिचय तसा लांबूनच. मुंबईहून गोव्याला जाताना आपण आमच्या जिल्ह्यासमोरून जाता, पण पेणातून समुद्र दिसत नाही आणि रोह्यातूनही दिसत नाही. तरी आपली कुंडली आम्हाला पाठ आहे. १९९० साली फ्रान्समध्ये जन्म, माहेरचे नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. पुढे २०२० मध्ये जगभरच्या क्रूझ बोटी नांगर टाकून बसल्या, जुन्या मालकांनी आपल्याला काढून टाकले आणि आपण ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे कुंकू लावून मुंबईत नांदायला आलात. साथ आली नसती तर हे स्थळ आमच्या वाट्याला कुठून येणार? आपल्या आधी मुंबईत ‘कर्णिका’ होती. तिला त्याच साथीने अलंगला भंगारात पाठवले. एकीला साथीने सासर दिले, दुसरीला स्मशान. (ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्यावर जो छापा पडला, त्याबद्दल मी काही विचारणार नाही. घरंदाज माणसे पहिल्याच पत्रात असले विषय काढत नाहीत.)

मुद्दा जानेवारी २०२२ चा. नव्या वर्षाच्या पार्टीला आपण सुमारे दोन हजार माणसे घेऊन गोव्याला निघालात. लशीचे दाखले झाले, चाचणीचे अहवाल झाले, सगळे कागद चोख. वाटेत आपला एक कर्मचारी बाधित निघाला आणि मुरगाव बंदराने सांगितले, आधी सगळ्यांच्या चाचण्या, मग उतरणे. ३ जानेवारीला ६६ जण बाधित असल्याचे जाहीर झाले. मग कोणी उतरायचे, कोणी नाही, बाधितांना कुठे ठेवायचे, यावर बराच खल झाला आणि अखेर आपल्याला आल्या पावली मुंबईला परत धाडले. मुंबईत पुन्हा सगळ्यांच्या चाचण्या, पुन्हा नवे बाधित.

त्याच आठवड्यात रस्त्याने आणि विमानाने गोव्यात शिरलेल्यांची कळंगुट-बागाच्या वाळूत पाय ठेवायला जागा नव्हती. तिथे नाकात काडी घालायची कोणाची टाप नव्हती. आपला गुन्हा एवढाच की आपण मोजता येत होतात. दोन हजार माणसे, एक जिना, पळायला वाट नाही. साथीच्या काळात सरकारला असे गिऱ्हाईक फार आवडते.

पण आपण मनाला लावून घेऊ नका. थोरामोठ्यांनीही हे भोगले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ उभी होती, आत ३,७११ माणसे. किनाऱ्याला रोग लागू नये म्हणून त्यांना आतच ठेवले आणि तिथे सातशेहून जास्त जण बाधित झाले. खोल्यांत कोंडलेल्यांच्या दाराशी जेवणाचे ताट नेऊन ठेवणारे कर्मचारी स्वतः मात्र दाटीवाटीने राहत होते. त्यांत १३२ भारतीय होते. ‘वेस्टरडॅम’ची कथा तर अजब. जपान, तैवान, फिलिपिन्स, ग्वाम, थायलंड, सगळ्यांनी दारे लावली आणि शेवटी कंबोडियाने सिहानुकव्हिलला तिला घेतले. श्रीमंतांच्या बोटीला गरीब देशाचे बंदर मिळाले, हे आपण लक्षात ठेवा. माझ्या आवतणाचा आधार तोच आहे.

नियम काय म्हणतो? २००५ ची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली सांगते की आरोग्याचे कारण दाखवून बोटीला बंदरात येण्यापासून अडवू नये. पुढे बारीक कलम आहे : बंदराकडे सोय नसेल, तर बोटीला जवळच्या सोयीच्या बंदराकडे जायला सांगता येईल. बाईसाहेब, ज्याने हे कलम लिहिले त्याला सरकारी कचेरीचा पुष्कळ अनुभव असला पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये जगातल्या बहुतेक बंदरांना एकदम साक्षात्कार झाला की आपल्याकडे सोय नाही. आमच्या बाजूला याला ‘साहेब जेवायला गेलेत, शेजारच्या टेबलावर विचारा’ असे म्हणतात.

आता आमची पात्रता मांडतो.

माणसे अडवण्याचा अनुभव आमच्याकडे भरपूर आहे. मार्च २०२० नंतर गावोगावी वेशीवर बांबू आडवे पडले आणि पुठ्ठ्यावर ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद’ लिहिले गेले. बाहेरचे म्हणजे कोण, तर त्याच गावात जन्मलेले, मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणारे पोरगे. त्याला चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात, पाढ्यांच्या तक्त्याखाली चटई टाकून झोपवायचे. त्याची आई सुकटीचे कालवण नि भाकरी घेऊन यायची, डबा पायरीवर ठेवायची आणि वडाखाली जाऊन उभी राहायची. मग तो बाहेर येऊन डबा उचलायचा. दोघे लांबूनच एकमेकांवर खेकसायचे, कारण मास्कमधून नेहमीच्या आवाजात बोललेले ऐकू जात नसे. आपल्याकडे केबिनला गॅलरी असते म्हणे.

तपासणीतही आम्ही कमी नाही. हायवेवरच्या एका नाक्यावर माझ्या कपाळाला ताप मोजायचे पिस्तूल लावले. आकडा आला बत्तीस. बत्तीस अंशांच्या माणसाला खरे म्हणजे घोंगडीत गुंडाळून दवाखान्यात न्यायला पाहिजे. पण नियमात फक्त वरची मर्यादा दिलेली होती. ‘नॉर्मल,’ असे म्हणून वहीत लिहिले आणि मला सोडून दिले. २०२० च्या गणपतीला तर शास्त्र आणखी पुढे गेले. १२ ऑगस्टच्या आत कोकणात पोचाल तर दहा दिवस घरात बसा. त्यानंतर निघाल तर अठ्ठेचाळीस तासांच्या आतली चाचणी दाखवा. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला ई-पास हवा, एसटीने जाणाऱ्याला नको. यावरून विषाणूला एसटीची सीट सोसत नाही, असा निष्कर्ष आम्ही काढला. ती सीट आम्हालाही सोसत नाही, त्यामुळे पटला.

आणि उंची! पेणात बाराही महिने गणपती घडतात, हमरापूर-जोह्याच्या शेडमध्ये एका ओळीत शे-दोनशे सोंडा वाळत असतात, हे आपण ऐकून असाल. जुलै २०२० मध्ये हुकूम निघाला : सार्वजनिक मूर्ती चार फूट, घरची दोन फूट. मिरवणुकीत गर्दी होऊ नये हा हेतू, आणि तो मला कळतो. पण मूर्तीचे काम काही जुलैत सुरू होत नाही. तोवर मोठ्या मूर्ती साच्यातून निघून उभ्या होत्या. नियम वाचून कोणी गणपती बसके होत नाहीत. कारखानदाराने त्यांच्यावर प्लास्टिक घातले आणि बँकेचा हप्ता भरायला बसला. याच पेणच्या मूर्ती दरसाल कंटेनरमध्ये बसून परदेशी जातात. गजाननाला समुद्रप्रवासाची सवय आपल्यापेक्षा जास्त आहे आणि त्याला अजून कुठल्या बंदराने ‘बोटीतच राहा’ असे सांगितलेले नाही.

माल आणि माणूस यांतला हा फरक आमच्या खाडीत रोज दिसतो. धरमतरला कोळशाचे आणि लोहखनिजाचे बार्ज लागतात. मोठी जहाजे बाहेर खोल पाण्यात उभी राहतात आणि बार्ज माल आत आणतात. लॉकडाऊनमध्ये बंदरे अत्यावश्यक सेवेत होती, त्यामुळे कोळशाला कोणी ‘कुठून आलास, किती दिवस राहणार’ असे विचारले नाही. माणसांचे वेगळे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट नेणाऱ्या रो-रो बोटीबद्दल आम्ही वर्षानुवर्षे ऐकत होतो. ती अखेर १५ मार्च २०२० ला सुरू झाली. तारीख पुन्हा वाचा, बाईसाहेब. काही दिवसांतच बंद पडली ती ऑगस्टपर्यंत. मुहूर्त काढणाऱ्याचा मला पत्ता हवा आहे.

आपले खलाशी, वेटर, स्वयंपाकी यांच्याबद्दल मात्र थट्टा सुचत नाही. एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ मुंबईबाहेर नांगर टाकून होती, आत १४६ भारतीय कर्मचारी. आपल्याच देशाचे दिवे दिसताहेत आणि उतरता येत नाही. विमाने बंद, आणि बोटीवरच्या भारतीय माणसाने भारतात पाय कसा ठेवायचा याची कार्यपद्धती कागदावरच नाही. ती गृहमंत्रालयाने २१ एप्रिलला काढली, २३ ला ही माणसे उतरली. कोकण-गोव्यात ‘बोटीवर कामाला’ असलेला एक तरी माणूस नात्यात निघतोच. त्या दिवसांत त्याच्या घरी फोन वाजला की बायको आधी विचारायची, ‘कुठे आहात?’ आणि तो सांगायचा, ‘समोरच.’

हे सगळे नवे आहे असेही नाही. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला, पुढच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि त्यात सरकारला आगबोटी आणि त्यांतले उतारू तपासायचा अधिकार मिळाला. २०२० मध्ये महाराष्ट्राने उपसला तो हाच, १८९७ चा. आगबोटी गेल्या, कायदा राहिला. आमच्याकडे टिकाऊ मालाची किंमत आहे.

तेव्हा या. पेणला भोगावतीच्या खाडीवर अंतोऱ्याचे बंदर आहे, रोह्याला कुंडलिकेवर अष्टमी आहे. पूर्वी भरतीच्या पाण्याबरोबर तिथे गलबते येत. आता गाळ आहे, हे मी लपवत नाही. आपली लांबी दोनशे मीटरच्या वर, आणि अंतोऱ्याला आपण वळलात तर पुढचा भाग एका शेतकऱ्याच्या खारभूमीत आणि मागचा दुसऱ्याच्या. दोघांचा बांधावरून आधीच दावा चालू आहे, तिसरा पक्षकार म्हणून आपले स्वागत होईल. नियमावलीतली ‘सोय’ आमच्याकडे कुठल्याच बाबतीत नाही, आणि ती नसण्याची आम्हाला इतकी सवय आहे की त्या कारणाने आम्ही कोणाला परत पाठवत नाही. पोहे आमचेच, पेणचे. तिसरीचा वर्ग रिकामा करून ठेवू. आपली दोन हजार माणसे एका वर्गात मावणार नाहीत, पण वर्ग चौथीपर्यंत आहेत.

उतरल्यावर पुढे कसे जायचे, हे मात्र प्रवाशांनी स्वतः पाहावे. हायवेचे म्हणाल, तर पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटर २०११ पासून रुंद होत आहेत. ज्यांना बोट लागली नसेल त्यांना तिथे गाडी लागेल. रेल्वेचे म्हणाल, तर साथीत बंद झालेल्या गाड्या परत आल्या तेव्हा पॅसेंजरच्या दहा रुपयांच्या तिकिटाचे तीस झाले होते, आणि दादरपर्यंत जाणारी रत्नागिरी पॅसेंजर दिव्यालाच थांबू लागली. पुढे तिसाचे पुन्हा दहा झाले, दिव्याचे दादर झाले नाही. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या पेण स्टेशनातून न थांबता निघून जातात. फलाटावर उभे राहून हात दाखवला तर खिडकीतले लोक उलट हात हलवतात. आपल्या प्रवाशांना मुरगावचा अनुभव असल्यामुळे त्यांना याचे काही वाटणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दिवा-रोहा गाडीतला एक उभा प्रवासी

ता. क. : येणार असाल तर भरतीची वेळ विचारून निघा. ओहोटीला आलात तर पुढच्या अमावास्येपर्यंत आम्हालाही आपल्याला परत पाठवता येणार नाही.