साडेअकरावाले काका

काकांकडे चहाला जरूर जावं, फक्त टीव्हीशेजारच्या त्या काळ्या डब्याकडे बघू नये. बघितलंत की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि खालच्या आवाजात सांगतात, ‘एकशेदहा यायला हवेत. साडेअकराच येतायत.’ रक्तदाबाचं नाही, मेगाबाइटचं चाललंय. डब्याला नॅस म्हणतात. त्यात मुंजी, लग्नं आणि केरळची सहल साठवायची असते, आणि लॅपटॉपवरून फायली चढवताना काटा सेकंदाला ११.५ च्या पुढे हलत नाही.

ही जमात बहुधा निवृत्त इंजिनिअरांची. तरुण आयटीवाल्यांतही लागण आढळते. दोष स्वस्त वस्तूत असू शकतो, हे यांना पटत नाही. म्हणून काका आधी डिस्क बदलतात. मग रॅम वाढवतात. मग रात्री जागून जंबो फ्रेम चालू करतात, एमटीयू १५०० वरून ९००० वर नेतात. मधल्या जुन्या स्विचला हे झेपत नाही आणि साडेअकराचंही शून्य होतं. त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. काकूंना खरं तर मुंजीचा एकच फोटो हवा असतो. तो त्या नणंदेकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतात.

शेवटी सुट्टीला आलेली पुतणी म्हणते, ‘काका, साडेअकरा म्हणजे लाइन शंभर मेगाबिटची झालीय. आठाने भागा ना.’ आठाने भागलं की साडेबारा. थोडं हमाली-दलालीत जातं. केबलमध्ये तारा आठ. गिगाबिटला आठही लागतात, शंभराचं चारांवर भागतं. उरलेल्या चारांतली एखादी तुटली, की दोन्ही टोकांची यंत्रं आपसांत शंभरावर तडजोड करतात आणि घरमालकाला कळवत नाहीत. (सोसायटीच्या कमिटीतही हीच पद्धत आहे.) तार सोफ्याच्या पायाखाली चेपलेली निघते. नवी केबल लावल्यावर ११२ येतात.

काका दिवसभर उदास. जेवणही नीट जात नाही. संध्याकाळी सहज म्हणून ते फोटोंचं एक फोल्डर चढवतात. हजारो बारीक फायली. प्रत्येकीची उघडझाक वेगळी, त्यामुळे काटा धाडकन नवावर येतो. काकांचा चष्मा कपाळावर चढतो.

‘अहो, झालं ना एकदाचं?’ काकू आतून विचारतात.

‘झालं कसलं!’ काका खुर्ची पुढे ओढतात. ‘बारीक फायलींचं प्रकरण वेगळंच आहे. जरा चहा टाक.’