साठा : निरंक

(रंगमंचावर कृषी सेवा केंद्राचा काउंटर. त्यावर अंगठ्याचं पॉस मशीन, मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर. बाजूला कॅलेंडर. मागे दोन पाट्या. पहिली, ‘साठा व भावफलक : युरिया 266.50, डीएपी 1350’, आणि साठ्याच्या रकान्यात दोन्हीकडे ‘निरंक’. दुसरी, ‘येथे लिंकिंग केले जात नाही’. तिच्याखाली बारीक अक्षरात, ‘चौकशी काउंटरवर’. एका बाजूला गोदामाचं बंद दार. मालक, वय पन्नाशीचं, चष्मा कपाळावर.)

‘नाही’ म्हणायला अक्कल लागते, मंडळी. ‘आहे’ काय, कुणीबी म्हणतंय.

आमचं दुकान देवगाव फाट्याला. एक रस्ता सेलूला, एक जिंतूरला, एक मंठ्यावरून जालन्याला. तिन्हीकडून गिऱ्हाईक येतं आणि हात हलवत तिन्हीकडं परत जातं. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ना? जर्मनीचं मला माहीत नाही. पण ‘माल नाही’ ह्या विषयात परभणीत आपला नंबर लागतो.

आता बघा. जूनचा पहिला पाऊस झालाय. माणूस दारात उभा. शर्ट ओला, चपलेला चिखल. म्हणतो, ‘मालक, डीएपी?’ नवीन दुकानदार लगेच मान हलवतो. चुकला! आधी उसासा. मग कॅल्क्युलेटरवर उगाच दोन आकडे मारायचे. (मारतात.) मग म्हणायचं, ‘काल होता.’ काल! म्हणजे दोष आपला नाही, तुझा. तू काल का आला नाहीस? आणि हे म्हणताना नजर कुठं पाहिजे? कॅलेंडरवर. गोदामाच्या दाराकडं गेली की खेळ खलास. शेतकरी माणूस बैलाचे दात बघून वय सांगतो, तो तुमचा डोळा वाचणार नाही का?

मग हळूच, ‘बघतो एखादं पोतं. पण सोबत झिंक घ्यावं लागंल.’ ह्याला लिंकिंग म्हणतात. गुन्हा आहे हो! म्हणून तर पाटी लावलीय.

(चष्मा डोळ्यांवर घेत)

एवढी साधना झाली आणि 2021 साली पोरगं समोर येऊन उभं राहिलं. डिप्लोमाला होतं. कॉलेज मोबाइलवर, परीक्षा मोबाइलवर, मार्क तेवढे खरे. म्हणलं, ‘पप्पा, कॉम्प्युटरला ग्राफिक कार्ड पाहिजे. प्रोजेक्ट आहे.’

‘केवढ्याचं?’

‘आरटीएक्स 3060. किंमत 29,500.’

‘बरं.’

‘मिळायलंय साठला.’

‘मग 29,500 काय आहे?’

‘ती किंमत आहे.’

‘आणि साठ?’

‘तो भाव आहे.’

मी खुर्चीतून उठलो. किंमत पाटीवर, भाव काउंटरवर! अरे, हा तर आपला धंदा! आजवर कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, त्या दिवशी सगळं कळलं.

पोरगं हिशोबाला बसलं. घरचा हिशोब सोयाबीनमध्ये. ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन दहा हजारांवर गेलेलं. ‘पप्पा, सहा क्विंटलात कार्ड!’ पण ते सोयाबीन तेव्हा शेतात उभं होतं. तेवढ्यात सरकारनं 12 लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. सप्टेंबर संपता संपता ‘गुलाब’ चक्रीवादळ आलं. वादळाचं नाव गुलाब! शेंगा पाण्यात, पाणी गुडघ्याएवढं. ऑक्टोबरात भाव पाच हजारांच्या आसपास. म्हणजे आता बारा क्विंटलात कार्ड. सोयाबीन पाण्यात बसलं, कार्डाला थेंब लागला नाही.

मी म्हणलं, दिल्लीला पत्र लिही. मेमध्ये डीएपी भडकला तेव्हा सरकारनं पोत्यामागं सबसिडी 500 ची 1,200 केली आणि पोतं 1,200 लाच ठेवलं. कार्डाला कामून नाही? तर खताला जीएसटी 5 टक्के आणि कार्डाला 18. सरकारला वाटतं कार्डावर पीक येत नाही.

‘पण टंचाई कशानं आली?’ मी विचारलं. आपला अभ्यासाचा विषय.

‘एक तर लॉकडाऊन. सगळं जग घरात बसलं, सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे. वरून मायनिंग.’

‘खाण? बल्लारपूरला?’

‘नाही पप्पा. इथेरियम. कार्डाला रात्रंदिवस गणितं घालायची. उत्तर बरोबर आलं की नाणं पडतं.’

मी त्याच्याकडं बघितलं. ह्यालाही पहिलीपासून गणितं घालायलो. एक नाणं पडलं नाही.

तर हे मायनिंगवाले गठ्ठ्यानं कार्डं उचलायलेत. एकेका शेडमध्ये शेकडो. मग कंपनीनं काय केलं? 3060 मध्ये कुलूप घातलं. गेम खेळा, कार्ड पूर्ण पळंल. मायनिंग केलं की वेग निम्मा. मी टाळी वाजवली. अहो, हा कडुलिंब आहे! युरिया कारखान्यात पळवायचे, म्हणून 2015 ला सगळ्या युरियाला कडुलिंबाचं तेल चोपडायचं ठरलं. तसा ह्यांनी कार्डाला कडुलिंब लावला. आणि पुढं गंमत. महिना झाला नाही तोवर कंपनीनं स्वतःच एक सॉफ्टवेअर सोडलं आणि त्यात ते कुलूप उघडं! चुकून! (प्रेक्षकांकडे बघत, सावकाश) चुकून. आमच्याकडं असं ‘चुकून’ झालं की भरारी पथक येतं.

(काउंटरच्या पुढे येतात.)

जालना झालं, औरंगाबाद झालं. फोनवर सगळीकडं निरंक. शेवटी मुंबई. लॅमिंग्टन रोड. देवगिरी एक्सप्रेसनं गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, आणि दुकानात माल कमी, मान हलवणारे जास्त.

एका दुकानात शिरलो. काउंटरवर पोरगा, वय बावीस-तेवीस. कानात यंत्र. मी म्हणलं, ‘3060?’

मोबाइलमधून मान वर न काढता म्हणला, ‘नही है अंकल. ऊपर से ही नही आ रहा.’

(डोळे मिटून, दाद देत) वरूनच येईना! काय शब्द! सेलूत हेच, जिंतुरात हेच, मुंबईतबी हेच. वर नेमका कोण बसलाय आणि तो कामून पाठवीना, हे आजपर्यंत कुणी बघितलं नाही. पण पोराचा सूर कच्चा होता. उसासा नाही. ‘काल होतं’ नाही. मी नुसता उभा राहिलो. गिऱ्हाईक नुसतं उभं राहिलं की नवशिक्याला घाम फुटतो. आणि फुटला! त्याची नजर गेली. कुठं? (झटकन गोदामाच्या दाराकडे बघतात.) मागच्या फळीकडं!

मी म्हणलं, ‘बाळा, मालकाला बोलव.’

मालक आले. बघितलं मी त्यांना. पोट काउंटरला टेकलेलं, कपाळावर चष्मा. (स्वतःचा चष्मा कपाळावर नेतात.) त्यांनी बघितलं मला. दोन पैलवान आखाड्यात.

त्यांनी उसासा टाकला. वा! कॅल्क्युलेटरवर दोन आकडे मारले. वा वा! मग म्हणले, ‘तैवान में सूखा पडा है.’

मंडळी, मी ह्या धंद्यात केस पिकवले. रेल्वेचा रेक लागला नाही, हमाल संपावर गेले, गाडी घाटात उलटली, सगळं सांगून झालं. पण तैवानचा दुष्काळ? हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं. बाहेर येऊन पोराला फोन लावला.

पोरगं म्हणलं, ‘खरंय पप्पा. ह्या वर्षी तैवानात पन्नास वर्षांत पडला नाही असा दुष्काळ पडलाय. चिपच्या कारखान्याला पाणी लै लागतं. कंपनीनं टँकर लावले.’

टँकर! सातासमुद्रापलीकडं! मला तर एकदम सोयरिक झाल्यासारखं वाटलं. म्हणलं, ‘मग तिथल्या शेतकऱ्याचं काय?’

‘भाताचं पाणी बंद करून कारखान्याला दिलं. शेतकऱ्याला भरपाई दिली.’

(थांबून) पाणी बंद, हे कळलं. कारखान्याला दिलं, हेबी कळलं. भरपाई ‘दिली’? जाहीर केली का दिली? पोरगं म्हणलं, दिली. म्हणजे देश वेगळा आहे.

‘पण पप्पा, 3060 ची चिप तैवानात बनतच नाही. ती सॅमसंगची. कोरियात.’

(हळूहळू, आदरानं) म्हणजे दुष्काळ तैवानात... माल कोरियाचा... आणि भाव लॅमिंग्टन रोडला. मी आत गेलो आणि त्या माणसाला वाकून नमस्कार केला. गारपीट निफाडला आणि दर वाढवायचा ऊस! एवढी झेप आपल्याला जमली नाही.

नमस्कार केला म्हणून की काय, ते विरघळले. ‘एक पीस है. लेकिन लूज नही मिलेगा. पूरा कॉम्प्युटर लेना पडेगा. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड.’

(हात पसरून) लिंकिंग! परमुलखात गाववाला भेटावा तसा गहिवर आला मला. म्हणलं, ‘शेठ, मी झिंक लावतो, तुम्ही कीबोर्ड लावता. आपल्यात तोडून बोला.’ मग अर्धा तास जो खेळ झाला! मी दारापर्यंत जायचो, ते ‘अंकल’ म्हणायचे. ते फळी बंद करायचे, मी पैशाची पिशवी काढायचो. शेवटी रंगीत दिव्याचा कीबोर्ड टळला आणि 550 वॉटचा पॉवर सप्लाय ठरला. तो तसाबी लागणारच होता. म्हणजे झिंक खरंच कमी असलेल्या रानात झिंक पडलं.

आता साठ हजारांची वस्तू रातच्या गाडीत न्यायची. डोकं चालवलं. पिशवीत घरून नेलेलं डीएपीचं रिकामं पोतं होतं. खोकं त्यात घातलं, वर सुतळी. चोर कशाला खत चोरतोय?

मनमाडपर्यंत कुणी बघितलं नाही. जालन्याला गाडी लागली, माणसं चढली, आणि ते दिवस रब्बीचे. हरभऱ्याची पेरणी तोंडावर, डीएपी कुठं नाही. एक बाबा समोर बसले. पोत्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. आणि डब्यात ऐकू जाईल असं म्हणले, ‘मालक... डीएपी कुठं भेटला?’

सगळा डबा जागा! वरच्या बर्थवरून मुंडकी खाली. मी म्हणलं, ‘डीएपी नाही, कार्ड आहे.’ ‘कार्डावर भेटायलाय का? कोणत्या कार्डावर? किसान कार्डावर?’ एक जण म्हणला, ‘पन्नास किलोचं पोतं काखेत मारून बसलाय, काय ताकद आहे!’ परतूरपर्यंत तिघांनी भाव सांगितला. शेवटचा भाव, खरं सांगतो, मन डळमळलं होतं.

(काउंटरवर पोतं ठेवल्याचा अभिनय.)

घरी खोकं उघडलं. आत चंदेरी पिशवी. पिशवीत कार्ड, दोन काळे पंखे, खालच्या कडेला बारीक सोनेरी पट्ट्यांची ओळ. पोरगं धरायलं असं, जणू बाराव्या दिवसाचं लेकरू. कोपऱ्यातून एक छोटी पुडी पडली. घरच्या मंडळींनी चष्मा लावून वाचली. ‘ह्याच्यावर खाऊ नका लिहिलंय. बारा क्विंटलात औषध आणलं का?’ पोरानं कार्ड खाचेत दाबलं. खट्! वायर लावली. बटण दाबलं. पंखे फिरले... आणि थांबले.

मी ओरडलो, ‘थांबले!’

‘गरम झाल्याशिवाय फिरत नाहीत पप्पा.’

म्हणजे सरकारी. तापल्याशिवाय हलत नाही.

तेवढ्यात लाइट गेली. हरभऱ्यासाठी रान भिजवणं सुरू झालेलं, मोटारी एकदम लागल्या, डीपी जळाली. लाइट परत कशी आली, त्यावर वेगळा प्रयोग करतो, तिकीट वेगळं.

आता प्रोजेक्ट. एका रात्री पोराच्या खोलीत उजेड. हळूच मागं जाऊन उभा राहिलो. स्क्रीनवर काय? ट्रॅक्टर! हिरवंगार रान, सरळ सरी. ‘फार्मिंग सिम्युलेटर 22.’ घरी पाच एकर, त्यात जायला ऊन लागतं. इथं साठ हजारांच्या कार्डावर रात्री एक वाजता सोयाबीन पेरायलाय!

मी म्हणलं, ‘खत कुठून आणलं?’

‘दुकानातून.’

‘कोणत्या?’

त्यानं बटण दाबलं. दुकान उघडलं. खताची पोती, हवी तेवढी. अंगठा नाही. आधार नाही. लिंकिंग नाही. दाबलं की पोतं हजर. पुन्हा दाबलं, पुन्हा हजर.

(हताश) मंडळी, जगात एवढा नालायक दुकानदार मी बघितला नाही. ‘काल होता’ म्हणत नाही की उसासा टाकत नाही. पंधरा दिवसांत धंदा बसंल ह्याचा. पोराला म्हणलं, ही गेम बंद कर, वाईट संस्कार व्हायलेत.

पुढं 15 सप्टेंबर 2022 ला त्या इथेरियमनं गणितं घालणंच बंद केलं. मायनिंगवाल्यांची कार्डं बाजारात आली, भाव उताराला लागले. त्या शेठला फोन केला, सांत्वनाला. म्हणले, ‘अंकल, पचास पीस पडा है.’ मी म्हणलं, रडू नका, जूनमध्ये ‘काल होतं’ म्हणायला शिका.

आता 2025 संपता संपता पोरगं परत आलं. ‘पप्पा, रॅम मिळंना! एआयवाल्यांनी सगळी मेमरी उचलली. मायक्रॉननं तर किरकोळ गिऱ्हाइकाची क्रुशियल रॅम बंद करायचं जाहीर केलं.’ मी म्हणलं, ठोकातच एवढं सुटत असंल तर किरकोळीला कोण विचारतंय? ‘म्हणून मी आधीच एक लॉट घेऊन ठेवला,’ म्हणलं. माझ्या डोळ्यात पाणी! माझं रक्त! ‘कुठं ठेवलास?’ ‘गोदामात, डीएपीच्या मागं. पण पप्पा... डीडीआर-थ्री निघाली. जुनी. कुणी विचारीना.’

न खपणारा माल? (हसतात.) अरे, मग रडायलास कशाला?

(फोन वाजतो. उचलतात. उसासा. कॅल्क्युलेटरवर दोन आकडे. नजर कॅलेंडरवर.)

हॅलो... डीएपी? काल होता... बघतो एखादं पोतं... नाही नाही, लिंकिंग आपल्याकडं नाही, पाटी लावलीय. फक्त सोबत चार जीबीची रॅम घ्यावी लागंल... (ऐकतात.) हां... हां... (माउथपीसवर हात ठेवून, आतल्या दिशेनं) ए, एकरी किती टाकायची विचारायलेत!

(अंधार.)